ओढ आणि गोडी : व्यसन सुटल्यानंतर साधा आनंद परत मिळवण्याची वाट

दारू सोडून मला सात वर्षे झाली. त्याआधी चौदा वर्षे मी पीत होतो आणि त्यातली शेवटची पाच वर्षे सकाळी उठल्याबरोबर पीत होतो. व्यसनमुक्ती केंद्रातून पेणला घरी परतताना दारू कशी टाळावी, कोणत्या रस्त्याने जाऊ नये आणि खिशात किती पैसे ठेवावेत, याची शिदोरी माझ्याजवळ भरपूर होती. पुढच्या सहा-आठ महिन्यांत ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त छळले, तिची मात्र मला काहीच कल्पना नव्हती. मला कशातच गोडी वाटत नव्हती. घरी येऊन तीन महिने झाल्यावर होळी आली, आईने वाढलेली पुरणपोळी मी संपवली, आणि हात धुताना लक्षात आले की ती चांगली झाली होती की नव्हती, हे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. मुलगी शाळेतले बक्षीस दाखवायला आली तेव्हा मी हसलो, पण आत काही हलले नाही. त्या दिवसांत मनात एकच विचार घोळत असे : आयुष्य असेच राहणार असेल, तर दारू सोडून मिळवले काय?

हा विचार फार धोक्याचा आहे. माझ्याबरोबर केंद्रात असलेले दोघे जण याच विचाराने पुन्हा प्यायला लागले. दोघांनाही त्या वेळी कसलेही मोठे दुःख नव्हते, फक्त सगळे बेचव झाले होते. म्हणून ज्यांना बाहेर येऊन काही आठवडे किंवा महिने झाले आहेत, त्यांच्यासाठी मी हे पायरीपायरीने लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. माझ्यावर उपचार करणाऱ्यांनी जे सांगितले आणि जे मी करून पाहिले, तेवढेच येथे आहे.

एक सूचना आधीच देतो. तुम्ही अजून रोज पीत असाल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. अनेक वर्षांची रोजची दारू घरच्या घरी एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत भास, थरथर आणि ताप यांनी जीवही जाऊ शकतो. तो टप्पा वैद्यकीय देखरेखीखालीच पार पडला पाहिजे. आनंदाची गोष्ट त्यानंतरची आहे.

जवळ काय असावे

• डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची चिठ्ठी आणि शेवटच्या रक्ततपासण्यांचे कागद, विशेषतः यकृताची तपासणी, हिमोग्लोबिन आणि साखर. हे सगळे एकाच फायलीत ठेवा आणि फायल कोठे आहे ते घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा.
• पुढच्या फॉलोअपची तारीख. ती भिंतीवरच्या कालनिर्णयावर मोठ्या अक्षरांत लिहावी.
• एक २०० पानी वही. मोबाईलमधली नोंद चालत नाही, कारण मोबाईल उघडला की माणूस दुसरीकडेच जातो.
• गजराचे साधे घड्याळ, म्हणजे मोबाईल झोपायच्या खोलीबाहेर ठेवता येतो.
• चालायला बरी अशी पादत्राणे आणि झाकणाचा एक डबा. डब्याचा उपयोग पुढे सांगतो.
• खिशात मावेल असा कागद, ज्यावर न पिणाऱ्या तीन माणसांचे क्रमांक असतील. त्याखाली दोन सरकारी क्रमांक लिहा : १४४१६ ही टेली-मानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा, जी २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन.

१. गोडी का गेली, हे आधी समजून घ्या

हे समजले नाही तर माणूस स्वतःला दोष देत बसतो, आणि घरचेही त्याला कृतघ्न समजू लागतात. माझ्या बाबतीत दोन्ही झाले.

१९५४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवून एक प्रयोग केला. पट्टी दाबली की मेंदूच्या एका विशिष्ट भागाला सौम्य विजेचा झटका मिळे, आणि उंदीर ती पट्टी तासाला शेकडो वेळा दाबत राहिले. हेच मेंदूतले सुखाचे केंद्र, असा समज त्यानंतर बरीच वर्षे होता. पुढे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी त्यात एक मोलाचा फरक दाखवला. एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणे आणि ती मिळाल्यावर प्रत्यक्ष आवडणे, ही मेंदूची दोन वेगवेगळी कामे आहेत. ज्या उंदरांच्या मेंदूतले डोपामाइन हे रसायन जवळपास संपवले होते, ते समोरच्या अन्नाकडे सरकतही नसत, पण त्यांच्या जिभेवर साखरेचे पाणी सोडले तर ते ओठ चाटून आवड दाखवत. म्हणजे ओढ गेली होती, गोडी शाबूत होती.

व्यसनात याच्या उलट घडते. ओढ वाढत जाते आणि गोडी आटत जाते. शेवटच्या वर्षांत दारू मला आवडत नव्हती, हे मी शपथेवर सांगू शकतो. तिचा वास आला की मळमळत असे, तरी पावले गुत्त्याकडेच वळत. त्याच काळात मेंदू रोजच्या त्या मोठ्या धक्क्याला सरावतो, डोपामाइन ग्रहण करणारी त्याची यंत्रणा मंदावते, आणि नोरा व्होल्को यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी मेंदूच्या चित्रणातून हे बदल दाखवलेही आहेत. अशा मेंदूपुढे गरम भाकरी, मुलीचे हसणे किंवा पहिला पाऊस आला तर त्याला ते ऐकूच येत नाही. मोठ्या आवाजाच्या कारखान्यात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला घरातली कुजबुज ऐकू येऊ नये, तसे हे आहे.

यातला दिलासा एवढाच, पण मोठा आहे, की हे बदल बऱ्याच प्रमाणात भरून येतात. त्याला काही आठवडे लागतात, कोणाला अनेक महिने लागतात, आणि ते एका सरळ रेषेत होत नाही. मला दुसरा ते सहावा महिना सर्वांत कोरडा गेला. पहिल्या महिन्यात सुटल्याचा जो आनंद असतो, तो ओसरल्यावर हा कोरडेपणा येतो, आणि नेमके तेव्हाच घरच्यांना वाटत असते की आता सगळे सुरळीत झाले.

२. झोप, जेवण आणि औषधे यांची घडी बसवा

याला फार शब्द खर्च करत नाही, पण ही पायरी गाळून पुढे जाऊ नका. दारूने शरीरातले ब जीवनसत्त्व, विशेषतः थायमिन, कमी झालेले असते, म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कंटाळा आला तरी चालू ठेवा. सकाळी उठल्यावर तासाभरात काहीतरी खा. भुकेला तलफ समजण्याची चूक आपण सगळेच करतो. झोप पहिले काही महिने तुकड्यातुकड्यांत लागते, तरी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. झोपेची गोळी मित्राकडून किंवा ओळखीच्या दुकानातून आणू नका, कारण त्या गोळीचीही सवय लागते.

दारूपासून दूर राहावे म्हणून दिली जाणारी डायसल्फिराम ही गोळी तुम्हाला चालू असेल तर एक सापळा लक्षात ठेवा. तिच्यासोबत थोडासाही अल्कोहोल पोटात गेला की चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या आणि रक्तदाब घसरणे असा त्रास होतो, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकते. खोकल्याची काही औषधे, तोंड धुण्याची काही द्रावणे आणि आपल्याकडे घरोघरी असणारी द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारखी आसवे व अरिष्टे यांत किण्वनाने तयार झालेला किंवा मिसळलेला अल्कोहोल असतो. गोळी चालू नसली तरी ही औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण त्या चवीने जुनी ओढ जागी होते. आणि हे वाचणारे कोणी नातेवाईक असतील तर त्यांना हात जोडून सांगतो, की 'न सांगता जेवणात मिसळा' अशा जाहिरातींतली कोणतीही पूड कोणाच्याही ताटात मिसळू नका. ते जिवावर बेतू शकते, आणि समजले की घरातला उरलासुरला विश्वासही जातो.

३. गोडीची वही लिहा

माझ्या समुपदेशक ताईंनी मला ही वही लिहायला लावली, आणि सुरुवातीला मी ती केवळ त्यांच्या धाकाने लिहिली. पानावर चार रकाने आखायचे. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात काय केले, तिसऱ्यात ते करण्याआधी 'यात मला किती बरे वाटेल' याचा ० ते १० मधला अंदाज, आणि चौथ्यात ते केल्यावर प्रत्यक्ष किती बरे वाटले त्याचा आकडा. तिसरा रकाना कृती करण्याआधीच भरायचा, नंतर नाही. सगळे मर्म त्यातच आहे.

माझ्या वहीतल्या तिसऱ्या आठवड्याच्या पानावर अशी एक ओळ आहे : 'सकाळी ६.३०. भोगावतीच्या काठाने पाऊण तास चालणे. आधी ०, नंतर २. खंड्या दिसला.' दोन हा आकडा कोणाला सांगण्यासारखा नाही. पण दोन महिन्यांची पाने उलटल्यावर जे दिसले त्याने माझे डोळे उघडले. जवळजवळ प्रत्येक ओळीत चौथा आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा होता. माझा मेंदू मला रोज सांगत होता की कशात काही अर्थ नाही, आणि रोज त्याचा अंदाज चुकत होता. ते माझ्याच अक्षरात लिहिलेले असल्यामुळे मला नाकारता येईना.

येथे दोन चुका होतात. पहिली म्हणजे फक्त चांगल्या गोष्टी लिहिणे. शून्यही लिहा. दुसरी म्हणजे आजच्या आकड्याची तुलना पूर्वीच्या 'किक'शी करणे. ती किक दहापैकी दहा नव्हती, ती मोजपट्टीच मोडणारी गोष्ट होती. तिच्याशी तुलना केली तर जगातली प्रत्येक गोष्ट शून्यच ठरेल.

४. मनाची वाट पाहू नका, घड्याळ पाहा

'मन लागेल तेव्हा करीन' हे वाक्य या काळात उपयोगाचे नाही, कारण मन आधी लागणारच नाही. आधी हात-पाय हलतात आणि गोडी मागून, रेंगाळत येते. नैराश्याच्या उपचारातही हीच रीत वापरतात : कामे मनःस्थितीनुसार न ठरवता वेळेनुसार ठरवायची, आणि ती इतकी लहान ठेवायची की नाही म्हणणे अवघड जावे.

माझ्यासाठी संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ ही वेळ सर्वांत कठीण होती, कारण चौदा वर्षे ती 'बसण्याची' वेळ होती. म्हणून मी आधी फक्त तेवढेच तीन तास आखले. साडेसहाला चहा आणि खाणे, सातला देवळापर्यंत चालत जाऊन परत, पावणेआठला मुलीच्या शेजारी बसून तिची वह्यापुस्तके दुसऱ्या दिवसासाठी भरणे, साडेआठला जेवण. सकाळ आणि दुपार मोकळी सोडली. संपूर्ण दिवसाचे भरगच्च वेळापत्रक करणारे लोक मी पाहिले आहेत. चौथ्या दिवशी एक गोष्ट चुकते, मग 'आपल्याला काहीच जमत नाही' असे वाटते, आणि कागद फाडला जातो. तुमच्या चोवीस तासांत कोणते तीन तास सर्वांत निसरडे आहेत, ते शोधा आणि तेवढेच भरा.

५. हातांना काम द्या

पुण्यातल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे नाव आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले. डॉ. अनिल अवचट स्वतः कागदाच्या घड्यांतून ओरिगामी करत, लाकडात शिल्पे कोरत आणि बासरी वाजवत, हेही अनेकांना ठाऊक असेल. व्यसनाच्या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या माणसाने हातांच्या छंदांना इतके जपावे, याचा अर्थ मला फार उशिरा समजला.

मला तो समजला एप्रिलमधल्या एका दुपारी. आईने डाळिंब्यांसाठी कडवे वाल भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले होते. संधिवाताने तिची बोटे आखडली होती, म्हणून तिने काही न बोलता पातेले माझ्याकडे सरकवले. कोमट पाण्यात वाल टाकायचे, एकेक दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हलके दाबायचे, की साल बोटांत राहते आणि पांढरट हिरवी डाळिंबी सुळकन परातीत उडी घेते. जोर जास्त झाला तर दाण्याची दोन दले होतात. आई एकदाच म्हणाली, "मोड मोडू देऊ नकोस रे." मोड न मोडता सोलायचे म्हणजे सगळे लक्ष बोटांच्या टोकांत न्यावे लागते. हातांची थरथर तेव्हा पूर्ण गेली नव्हती, त्यामुळे पहिले वीस-पंचवीस दाणे तुटले. नंतर कधीतरी मला त्या पाण्याचा वास आला, कच्चा, हिरवा, किंचित कडवट वास, आणि हा वास मी लहानपणापासून ओळखतो हे जाणवले. पातेले संपले तेव्हा चाळीस मिनिटे झाली होती आणि त्या चाळीस मिनिटांत मला दारू आठवली नव्हती. रात्री आमसूल, गूळ आणि ओले खोबरे घातलेली उसळ पानात पडली, तिची मागून येणारी कडू-गोड चव जिभेला कळली. वहीत आधीचा आकडा १ होता, नंतरचा मी ५ लिहिला. घरी आल्यापासूनचा तो पहिला पाच.

म्हणून हाताचे काम निवडताना तीन गोष्टी पाहा. ते पाऊण तासाच्या आत संपणारे असावे, त्याचा शेवट डोळ्यांना दिसावा, आणि त्याला थोडे लक्ष लागावे पण डोके फुटू नये. निवडणे, सोलणे, कुंड्यांतली माती उकरणे, सायकल पुसून तेल देणे, जुन्या वह्यांना कव्हर घालणे, तबला किंवा पेटीवर एकच पाठ घोटणे, यांतले काहीही चालते. नवा छंद म्हणून महागडे साहित्य घेऊ नका. आमच्या गटातल्या एकाने उत्साहात मोठा कॅमेरा हप्त्यांवर घेतला, आणि तीन महिन्यांनी हप्त्यांची काळजी हेच त्याचे दुखणे झाले. पिण्यावर रोज जेवढा खर्च होत असे, त्याचा चौथा हिस्सा त्या झाकणाच्या डब्यात टाका. छंदाचा खर्च डब्यात जमेल तेवढ्यातच करा.

६. जुने आनंद दारूपासून सोडवून घ्या

आपल्या आवडीच्या कितीतरी गोष्टी दारूला चिकटलेल्या असतात. पावसाळी भजी, क्रिकेटचा सामना, मासे, भाजलेले शेंगदाणे, जुनी गाणी. त्या सगळ्या कायमच्या टाकल्या तर आयुष्य फारच अरुंद होईल, आणि घाईने उचलल्या तर त्यांच्यासोबत दारूही उचलली जाईल. माझ्या अनुभवाने यावर एकच रीत चालते : गोष्ट तीच ठेवायची, पण तिची वेळ, जागा आणि माणसे, या तीनपैकी निदान दोन बदलायची.

आमच्या रायगड जिल्ह्यात थंडीत पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेले चिकन असे थर, वरून पुन्हा पाला दाबून मडके शेतात उलटे ठेवायचे आणि भोवती पेंढा व काटक्या पेटवायच्या. पाणी नाही, तेल नाही, सगळे पाल्याच्या वाफेवर शिजते. माझ्यासाठी पोपटी म्हणजे रात्र, शेत, आठ-दहा मित्र आणि बाटल्या. मडके फुटेपर्यंत मला चव कळण्याची शुद्ध राहिलेली नसे. दारू सोडल्यावर पहिले दोन हिवाळे मी पोपटीला गेलोच नाही. तिसऱ्या हिवाळ्यात, केंद्रातल्या ताईंशी बोलून, घरामागच्या परड्यात रविवारी दुपारी लावली. बायको, आई, मुलगी, शेजारच्या दोन वहिनी आणि त्यांची मुले एवढेच लोक. भांबुर्डा खुडायला मुलांना नेले. विस्तव बाजूला करून मडके उघडले तेव्हा जो वाफेचा लोट आला, तो इतक्या वर्षांत मी कधी नीट हुंगलाच नव्हता. चिमणी मुले शेंगांसाठी भांडत होती आणि मला रडू आले. ते कोणाला दाखवायचे नव्हते, म्हणून धुराचे निमित्त केले. बायकोला मात्र ते कळले.

आषाढी अमावास्येचेही तसेच. तिला 'गटारी' म्हणून पिण्याचा दिवस ठरवून टाकले आहे, पण ती दीप अमावास्या आहे. आता आम्ही त्या दिवशी माळ्यावरचे पितळी दिवे आणि समया काढून चिंचेने घासतो, पाटावर मांडून पूजा करतो, आणि गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेचे दिवे वाफवून तुपाबरोबर खातो. समया घासण्याचे काम माझ्याकडे आहे आणि त्याला चांगले दोन तास लागतात. त्या संध्याकाळी जुन्या मित्रांचे फोन येतात, तेव्हा माझे हात चिंचेने भरलेले असतात.

काही गोष्टी मात्र सोडवता येत नाहीत, हेही मान्य करा. ठरावीक मित्रांबरोबर खाडीवर रात्री मासे धरायला जाणे मी कायमचे सोडले. त्याचे मला दुःख आहे आणि ते दुःख वहीत लिहिलेले आहे.

७. माणसांत परत जा, पण घाई करू नका

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावात दोन मद्यपींच्या भेटीतून उभी राहिली. महाराष्ट्रात तिच्या मराठी सभा अनेक गावांत होतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, बोलण्याची सक्ती नाही. पहिले काही दिवस मी मागच्या खुर्चीवर बसून फक्त ऐकले आणि सभेनंतर खुर्च्या उचलल्या. खुर्च्या उचलता उचलता ज्या गप्पा झाल्या, त्यांतून सात वर्षांत माझे चार खरे मित्र झाले. घरच्यांसाठी अल-अॅनॉन हे वेगळे गट असतात, बायकोला तिथे गेल्यावर बराच आधार मिळाला.

घरातल्या माणसांकडून आनंदाची अपेक्षा करताना फार जपा. तुम्ही बदललात म्हणून पत्नीने लगेच हसावे, असा आग्रह धरू नका. माझी बायको पहिले वर्षभर माझ्या पावलांचा आवाज ऐकून दचकत असे. तिचा विश्वास परत येण्याची गती तिची आहे.

पतिपत्नीच्या शरीरसंबंधांबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. दीर्घकाळच्या दारूने इच्छा आणि क्षमता दोन्ही कमी होतात, आणि दारू सुटल्यावर सुरुवातीला अडचण, संकोच आणि भीती वाटणे अगदी स्वाभाविक आहे. बहुतेकांना काळाबरोबर फरक पडतो. फरक पडत नसेल तर तुमच्या डॉक्टरांशी बोला. भिंतींवरच्या जाहिरातींतली तेले आणि चूर्णे घेऊ नका. आधी शेजारी बसून एकत्र चहा पिणे परत येऊ द्या.

८. ओढ वेश बदलून येते, तिला ओळखा

दारूची जागा रिकामी झाली की तिथे बसायला बऱ्याच गोष्टी येतात. गुटखा आणि तंबाखू, पैसे लावून खेळायची ऑनलाइन रमी, रात्री दोनपर्यंतचे व्हिडिओ, गोड खाणे, आणि समाजात कौतुक होणारे अतिरेकी काम किंवा व्यायाम. पहिल्या आठवड्यांत जेवणानंतर गुळाचा खडा लागला तर तो खुशाल खा. पण खालचे तीन प्रश्न स्वतःला विचारत राहा. हे मी लपवून करतो का? प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा जास्त लागते का? संपल्यावर मला शांत वाटते, की आणखी हवे असे वाटते? गोडीनंतर माणूस निवतो. ओढीनंतर तो आणखी तापतो. माझ्या बाबतीत मोबाईल तिन्ही प्रश्नांत नापास झाला, म्हणून ते गजराचे घड्याळ आले.

९. चांगल्या दिवसांची आधी तयारी करा

दुःखात माणूस पितो हे सगळे जाणतात, पण घसरण्याचे प्रसंग आनंदातही तितकेच दबा धरून बसलेले असतात. पगारवाढ, मुलाचा निकाल, भावाची हळद, वरातीतला बँड, थर्टी फर्स्ट. 'आज तर हक्क आहे' हे वाक्य मनात आले की सावध व्हा. लग्नाला जायचेच असेल तर हे करा : पोट भरून जा, सोबत न पिणारा एक माणूस ठेवा, हातात आधीच कोकम सरबताचा पेला धरा, परतीचे वाहन स्वतःचे ठेवा आणि वरात निघण्याआधी निघा. कोणी आग्रह केला तर लांबलचक स्पष्टीकरण देऊ नका. "मी घेत नाही" एवढे तीन शब्द पुरे. आणि आनंद साजरा करण्याची स्वतःची एक ठरलेली रीत ठेवा. माझा दरवर्षीचा सोबर वाढदिवस, म्हणजे दारू सोडल्याचा दिवस, आम्ही डाळिंब्यांची उसळ, वरणभात आणि खरवस मिळाला तर खरवस, असा साजरा करतो.

१०. कधी थांबून मदत मागावी

दोन आठवडे सलग, जवळजवळ दिवसभर उदास वाटत असेल, वहीत फक्त शून्येच येत असतील, भूक व झोप उडाली असेल, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर त्याला बरे होण्याचा भाग समजून सहन करत बसू नका. तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. फॉलोअपच्या तारखेची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांकडे जा. मरणाचे विचार असतील तर त्याच क्षणी घरातल्या माणसाला उठवा आणि १४४१६ वर फोन करा. मला पाचव्या महिन्यात नैराश्यावरच्या गोळ्या सुरू कराव्या लागल्या आणि वर्षभराने डॉक्टरांनी त्या हळूहळू थांबवल्या.

घसरलात, म्हणजे स्लिप झाली, तर पहिला फोन चोवीस तासांच्या आत करा. एका दिवसाच्या घसरणीने मागचे सगळे महिने पुसले जात नाहीत, पण 'आता गेलेच सगळे' असे म्हणून दुसऱ्या दिवशीही घेतली की शरीर पुन्हा त्याच चक्रात जाते. ज्यांचे व्यसन गर्द किंवा ब्राउन शुगरचे होते, त्यांच्यासाठी एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरू शकते. हे घरच्यांनाही माहीत असू द्या.

वही भरली तर टाकू नका. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मागच्या महिन्याची पाने वाचा, ज्या ओळींत चौथा आकडा सर्वांत मोठा आहे त्यांखाली रेघ मारा, आणि त्यांतल्या दोन गोष्टी पुढच्या महिन्याच्या कालनिर्णयावर आधीच लिहून ठेवा. माझी आता नववी वही चालू आहे. या महिन्याच्या पानावर एका तारखेला 'वाल भिजत घालणे' आणि दुसऱ्या तारखेला 'सोलणे, मुलीसोबत' असे लिहिलेले आहे.